दातांच्या तारा आणि विडी-सिगारेटचा धूर

शिकवणी वर्गासाठी लातुरात खोली घेऊन राहणारा १९ वर्षांचा एक मुलगा परवा आईसोबत दवाखान्यात आला होता. वरचे सुळे पुढे आलेले होते आणि तार लावण्याचे जवळजवळ ठरलेही होते. आई पैसे भरायला बाहेर गेल्यावर त्याने हळू आवाजात विचारले, "मॅडम, सिगारेट ओढली तर दात सरकायचे थांबतात का?" हा प्रश्न मला वर्षभरात अनेक तोंडांतून ऐकू येतो. विचारणारा कधी चाळिशीतला शिक्षक असतो, कधी लग्न ठरलेला तरुण असतो आणि कधी तो प्रश्न रुग्णाऐवजी त्याची बायको विचारते. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर हे उत्तर संपवता येत नाही. दात मुळात सरकतो कसा, हे कळल्याशिवाय धूर त्यात कुठे आडवा येतो हे कळणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दात जबड्यात भिंतीतल्या खिळ्यासारखा ठोकलेला असतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दाताचे मूळ आणि त्याभोवतीचे हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा एक मऊ पडदा असतो. असंख्य बारीक तंतू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी तो भरलेला असतो. शेतात काम करणाऱ्या बाया बाभळीच्या फांदीला झोळी बांधून लेकराला जसे निजवतात, तसा प्रत्येक दात या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. कडक भाकरी चावताना दाताला किंचित हलण्याची मुभा मिळते ती या झोळीमुळे, आणि तार लावून दात सरकवता येतो तोही या झोळीमुळेच. जो दात हाडाला थेट चिकटलेला असतो, तो कितीही ओढला तरी जागचा हलत नाही.

तारेचा किंवा रबराचा हलका दाब पडला की झोळी एका बाजूला चेपली जाते आणि दुसऱ्या बाजूला ताणली जाते. चेपलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात आणि हाड थोडे थोडे विरघळवतात. ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि नवे हाड घालत जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल सँडस्टेड या स्वीडिश दंतवैद्याने कुत्र्यांवर प्रयोग करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या दोन बाजूंचे वर्णन केले होते. आजही आमचे सगळे शास्त्र त्याच पायावर उभे आहे. शेतकऱ्याला हे समजावताना मी बांधाचे उदाहरण देते. बांध सरकवणारा माणूस बांध उचलून पुढे ठेवत नाही. तो एका बाजूने कोरत जातो आणि दुसऱ्या बाजूने माती लावत जातो, आणि काही काळाने बांधाची जागा बदललेली दिसते. शेजाऱ्याच्या बाबतीत हा प्रकार भांडणाचा आणि कोर्टकचेरीचा असला, तरी दाताच्या बाबतीत नेमके हेच आम्हाला हवे असते. तार फक्त दिशा दाखवते आणि कोरण्याचे व भरण्याचे काम शरीर करते.

या कामाला स्वतःचा वेग असतो. दाब दिल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत दात झोळीपुरता हलतो आणि मग बऱ्याचदा दोन-तीन आठवडे अडून राहतो, कारण चेपलेल्या भागातला रक्तपुरवठा तात्पुरता बंद पडलेला असतो आणि तिथल्या मेलेल्या पेशी साफ व्हायच्या असतात. ती सफाई झाली की दात पुन्हा चालू लागतो. सगळे सुरळीत असेल तर महिन्याला साधारण एक मिलिमीटर अंतर कापले जाते. म्हणूनच चार ते सहा आठवड्यांनी बोलावले जाते आणि पूर्ण उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात. डॉक्टरने जास्त जोराने तार आवळली की दात लवकर सरकतील, हा समज मराठवाड्यात फार घट्ट आहे. जोर वाढला की चेपलेल्या बाजूचा रक्तपुरवठा अधिक काळ बंद राहतो, सफाईला अधिक दिवस लागतात आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. सगळा खेळ रक्ताचा आहे, आणि धूम्रपानाचा पहिला वार रक्तावरच होतो.

विडीच्या किंवा सिगारेटच्या धुरात हजारो रसायने असतात, पण दातांच्या हालचालीच्या दृष्टीने त्यातली दोन आधी समजून घ्यावी लागतात. पहिले निकोटीन. ते बारीक रक्तवाहिन्यांना आकसायला लावते, आणि हिरडीतल्या व त्या झोळीतल्या रक्तवाहिन्या मुळातच फार बारीक असतात. दुसरे कार्बन मोनॉक्साइड. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसते, त्यामुळे जे रक्त पोहोचते त्यातही प्राणवायू कमी असतो. कालव्याचे पाणी सोडले आहे, पण चारी अर्धी बुजलेली आहे आणि आलेले पाणीही खारे आहे, अशी ही अवस्था असते. हाड खाणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या अशा दोन्ही पेशींना रक्त लागते. त्यातही बांधणाऱ्या पेशींचे काम अधिक नाजूक असते, कारण आधी तंतूंचा सांगाडा उभारायचा आणि मग त्यात कॅल्शियमचे क्षार भरायचे, असे ते दोन टप्प्यांचे काम आहे.

तंतूंचा विषय निघाला म्हणून क जीवनसत्त्वाबद्दल थोडे सांगते. झोळीतले तंतू ज्या प्रथिनाचे बनतात, ते बनवायला शरीराला क जीवनसत्त्व लागते, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात ते लवकर खर्च होते. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या शिफारशीत धूम्रपान करणाऱ्यांनी दिवसाला ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व जादा घ्यावे, असे म्हटले आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी पिकवणारा जालना जिल्हा आपल्या शेजारी असताना आणि बाजारात पेरू-आवळ्याचे ढीग लागत असताना ही गरज भागवणे कठीण नाही. मात्र मोसंबी खाल्ली म्हणून विडीचे नुकसान भरून निघते, असा हिशेब कोणी मांडू नये. आंबट फळ खाल्ल्यावर तारेच्या आसपास आंबटपणा साचू नये म्हणून साध्या पाण्याने चूळ भरावी.

आता मूळ प्रश्नाकडे येते. धूम्रपानाने दात सरकायचे थांबतात का? यावर जे संशोधन झाले आहे, त्यातले बरेच उंदरांवरचे आहे, आणि त्यातले काही निष्कर्ष ऐकणाऱ्याला चक्रावून टाकतात. उंदरांना निकोटीन देऊन त्यांच्या दाढा स्प्रिंगने ओढल्या, तेव्हा काही प्रयोगांत निकोटीन दिलेल्या उंदरांचे दात अधिक वेगाने सरकले. हे वाचून एखाद्याला वाटेल की मग तर बरेच झाले, उपचार लवकर संपेल. पण बांधाकडे पुन्हा पाहावे. निकोटीनमुळे दाह निर्माण करणारे संदेश वाढतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना जोर येतो, तर हाड बांधणाऱ्या पेशी मागे पडतात. कोरणे जोरात चालले आहे आणि माती लावणारा मात्र सुस्त आहे, असा बांध सरकतो खरा, पण सरकता सरकता बारीक होत जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. त्या प्रयोगांतही दातांच्या वेगासोबत आधाराच्या हाडाची झीज आणि मुळांची झीज वाढल्याचे आढळले आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी इथे मुद्दाम सांगते. उंदराला इंजेक्शनने निकोटीन देणे आणि माणसाने वर्षानुवर्षे विडी ओढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसाच्या तोंडात निकोटीनसोबत उष्णता, डांबर, साचलेले कीटण आणि घासायचा कंटाळा हे सगळे एकत्र काम करत असते. माणसांवरचे अभ्यास तुलनेने थोडे आहेत. म्हणून ‘सिगारेट ओढणाऱ्याचा उपचार अमुक महिने लांबतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही आणि तसे आकडे रुग्णाला कधी सांगतही नाही. वेग हा या विषयातला चुकीचा मापदंड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उपचार संपल्यावर त्या दाताभोवती किती हाड आणि किती हिरडी शिल्लक राहिली, हे मोजले पाहिजे, आणि धूम्रपानाने हाड व हिरडी यांचे काय होते याबद्दल मात्र भरपूर आणि पक्का पुरावा आहे.

हिरड्यांची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सर्वांत मोठी फसवणूक तिथे होते. धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या हिरडीला कीटणामुळे सूज आली की घासताना रक्त येते. रक्त दिसले की माणूस घाबरतो आणि डॉक्टरकडे जातो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणून तिथे आजार असूनही रक्त कमी येते. हिरडी फिकट, घट्ट आणि वरवर ठणठणीत दिसते, तर खाली दात आणि हिरडी यांच्यामधली खाच खोल होत जाते व हाड खाली उतरत जाते. घरातल्या धोक्याच्या घंटेची वायर कोणीतरी कापून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. माझ्याकडे येणारे अनेक पुरुष अभिमानाने सांगतात, "मॅडम, वीस वर्षं विडी ओढतो, पण हिरडीतून कधी थेंबभर रक्त आलं नाही." ते खरेच सांगत असतात, आणि म्हणूनच त्यांच्या क्ष-किरण चित्राकडे मी जास्त काळजीपूर्वक पाहते.

२०१७ मध्ये जगभरातल्या हिरडीतज्ज्ञांनी एकत्र येऊन हाडापर्यंत पोहोचलेल्या हिरडीच्या आजाराची, म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात त्याची, नवी वर्गवारी केली. आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना त्यांनी धूम्रपानाला थेट मापात घेतले. दिवसाला १० पेक्षा कमी सिगारेटी ओढणारा रुग्ण मधल्या श्रेणीत आणि १० किंवा अधिक ओढणारा सर्वांत वेगवान श्रेणीत, अशी ती मांडणी आहे. असा आजार जागा असताना तार लावली तर दाब, दाह आणि धूर असे तिघे मिळून हाड खातात. आजार आटोक्यात आणल्यानंतर मात्र हाड थोडे कमी असलेल्या प्रौढ माणसाचे दातही हलक्या दाबाने व्यवस्थित सरकवता येतात. त्यामुळे ‘माझं वय झालं, मी विडी ओढतो, मला आता तार लावता येणारच नाही’ असे कोणी परस्पर ठरवू नये. आधी हिरड्यांची खोलवर साफसफाई, मग काही महिने पाहणी आणि मगच तार, असा क्रम ठेवावा लागतो. तार असताना ठराविक महिन्यांनी पुन्हा साफसफाईही करावी लागते. हा क्रम सोडून घाईने तार लावली, तर दात सरळ होतात, पण त्यांच्यामध्ये हिरडी उरत नाही आणि हसताना काळे त्रिकोण दिसू लागतात. ज्या हसण्यासाठी हजारो रुपये आणि दोन वर्षे खर्च केली, ते हसणेच बिघडते, आणि गेलेली हिरडी पूर्ववत आणणे फार अवघड असते.

बऱ्याच उपचारांत जागा करण्यासाठी उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधले दात, काढाव्या लागतात. दात काढल्यावर खाचेत रक्ताची जी गुठळी होते, ती जखमेवरची खपली असते. सिगारेटचा झुरका घेताना तोंडात जी ओढ निर्माण होते तिने, आणि धुरातल्या रसायनांनी, ती गुठळी सुटण्याची किंवा नीट न धरण्याची शक्यता वाढते. मग हाड उघडे पडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी भयंकर कळ सुरू होते. हा त्रास धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळतो. काही रुग्णांत दात ओढण्यासाठी पक्का आधार हवा म्हणून जबड्याच्या हाडात छोटा स्क्रू बसवतात. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांत हे स्क्रू सैल होऊन निघण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले आहे. स्क्रू निघाला की दुसऱ्या जागी नवा बसवावा लागतो आणि तोवर सगळा उपचार थांबून राहतो.

डागांबद्दल थोडक्यात सांगते, कारण रुग्ण त्याचीच सर्वाधिक काळजी करतात आणि खरे तर ती सर्वांत कमी काळजीची गोष्ट आहे. तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा म्हणजे ब्रॅकेट. पांढऱ्या सिरॅमिकच्या ब्रॅकेटभोवतीची रबरे धुराने काही दिवसांत पिवळी पडतात, चहा-सिगारेटची जोडी असेल तर आणखी लवकर. ती प्रत्येक भेटीत बदलली जातात. ब्रॅकेटच्या कडेने दातावर पडणारे खडूसारखे पांढरे चट्टे मात्र गंभीर असतात. घासण्यात हयगय झाली तर ते महिन्याभरातही दिसू लागतात आणि तार काढल्यावरही राहतात. आपल्या भागात आणखी एक घोळ होतो. नांदेड, बीड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. तसे दात पाहून शहरातले लोक ‘तंबाखू खातो का रे?’ असे विचारतात, तेव्हा त्या पोरांना किती वाईट वाटते हे मी पाहिलेले आहे. फ्लोराइडचा डाग दाताच्या आवरणाच्या आतला असतो आणि साफ करून जात नाही, तर तंबाखूचा डाग वरून बसलेला असतो आणि निघतो. हा फरक दंतवैद्याला डोळ्यांनी कळतो. फ्लोराइडच्या दातांवर ब्रॅकेट चिकटवायलाही जरा जास्त मेहनत घ्यावी लागते.

पारदर्शक अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायचा आणि काढता-घालता येणारा प्लास्टिकचा साचा, वापरणाऱ्यांना वाटते की तार नाही म्हणजे धुराचा प्रश्नही नाही. अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात राहिला तरच काम करतो. तो घालून सिगारेट ओढली तर तो पिवळा पडतो आणि धुराचा थर दात व प्लास्टिक यांच्यामध्ये अडकून राहतो. काढून ओढली तर प्रत्येक वेळचा वेळ त्या तासांतून वजा होतो. दिवसाला सहा सिगारेटी आणि प्रत्येक वेळी अलाइनर काढण्यापासून चूळ भरून पुन्हा घालेपर्यंतचे १५ मिनिटे धरली, तर दीड तास तिथेच गेला. जेवण आणि चहा त्याखेरीज.

इथवर मी सिगारेट आणि विडी यांबद्दलच बोलले, पण मराठवाड्यात राहून एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात धूर ओढणारे ३.८ टक्के होते आणि खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के; काही जण दोन्ही करणारे होते. म्हणजे आपला खरा प्रश्न तळहातावर चुना लावून मळलेल्या तंबाखूचा, पुडीतल्या गुटख्याचा आणि मिसरीचा आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी रुग्णाच्या ब्रॅकेटमध्ये अडकलेले सुपारीचे तुकडे मी आजही चिमट्याने काढते.

तंबाखूचा बार जिथे धरला जातो, बहुधा खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या आत, तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. नेमक्या त्याच खालच्या पुढच्या दातांना सरळ करण्यासाठी बरेच प्रौढ रुग्ण येतात, आणि तिथले हाड मुळातच पातळ असते. उघड्या पडलेल्या मुळाचा दात पुढे ढकलताना माझा हात आखडतो, हे मी त्यांना सांगते. तंबाखूतल्या निकोटीनला धुराचीही गरज नसते. ओठाच्या आतल्या पातळ त्वचेतून ते सरळ रक्तात उतरते. गुटख्यातल्या सुपारीचे संकट वेगळे आहे. कडक सुपारी चावल्याने ब्रॅकेट सुटतात, तारा वाकतात, आणि प्रत्येक सुटलेला ब्रॅकेट म्हणजे उपचारातले काही आठवडे वाया. त्याहून भयंकर म्हणजे सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा चिवट, पांढरट व ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नसतील, तर तारेचा विचार बाजूला ठेवून आधी मुखरोगतज्ज्ञाकडे जावे. या आजाराचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते.

मिसरीबद्दल बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, कारण ती व्यसन म्हणून धरलीच जात नाही. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सकाळी मिसरी लावते’ असे सांगणाऱ्या मावशींना मिसरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच आहे, हे समजावून सांगावे लागते. तिच्या भरड कणांनी दाताचे आवरण झिजते आणि निकोटीन हिरडीतूनच आत जाते. दाढदुखीवर उपाय म्हणून घरातल्या मोठ्या बाईने ती पोरीच्या हातावर ठेवलेली असते, म्हणून यात दोष कोणा एकीचा नाही. ई-सिगारेटला भारतात २०१९ पासून बंदी आहे, तरी वसतिगृहांतल्या मुलांकडे ती दिसते. तिच्यात विडीसारखे जळणे नसले, तरी निकोटीन असतेच, आणि रक्तवाहिनी ते कोणत्या वाटेने आले हे विचारत नाही.

एक गोष्ट रुग्णांनी आधीच जाणून घ्यावी, कारण ती माहीत नसल्याने अनेक जण माघारी फिरतात. धूम्रपान सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हिरडीतून रक्त येण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या झालेल्या असतात आणि दबून राहिलेला आजार आता उघडपणे दिसू लागतो. ‘सोडली तर उलट रक्त यायला लागलं’ असे म्हणून पुन्हा विडी पेटवलेला एक रुग्ण मी गमावला आहे, कारण त्याला हे आधी सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत सांगते की असे रक्त आले तर घाबरू नका, घासणे सोडू नका, साफसफाईला या.

सोडताना निकोटीनचे च्युइंगम वापरण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. तार असलेल्या माणसाने ते टाळावे, कारण ते ब्रॅकेटला चिकटते आणि तारा ओढते. त्याऐवजी चघळण्याची गोळी किंवा त्वचेवर लावायची पट्टी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. त्यातही निकोटीन असते, पण मोजून दिलेले आणि हळूहळू कमी करत नेलेले असते, आणि कार्बन मोनॉक्साइड व डांबर त्यात नसते. सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे आणि अनेक दंत महाविद्यालयांत तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशनही मिळते. लाजून घरच्या घरी झुंजत बसण्यापेक्षा तिथे बोललेले बरे.

तार निघाल्यावर विषय संपत नाही. सरळ झालेल्या दातांभोवतीच्या हिरडीतले काही लवचिक तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर घेतात, आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून रिटेनर, म्हणजे दातांना नव्या जागी धरून ठेवणारे साधन, वापरावा लागतो. धूम्रपान चालू राहिले आणि हाड उतरत गेले, तर रिटेनर असतानाही पुढचे दात पंख्यासारखे फाकू लागतात, कारण त्यांना धरून ठेवणारे हाडच कमी झालेले असते. दहा वर्षांपूर्वी लावलेली तार वाया गेली म्हणून येणाऱ्या प्रौढांत मला हे चित्र पुन्हा पुन्हा दिसते.

यातले काहीही ठरवताना माझ्या हातात एकच साधन असते, ते म्हणजे रुग्णाने दिलेली खरी माहिती. कोण किती ओढतो हे कळले, तर मी दाब हलका ठेवते, दात शक्यतो कमी काढते, भेटी जवळ जवळ ठेवते, हिरडीची मापे लिहून ठेवते आणि मुळांचे चित्र वेळेवर पुन्हा काढते. लपवले तर मी धुरापासून दूर असलेल्या माणसासाठी आखलेला उपचार धूर ओढणाऱ्याच्या तोंडात करत राहते. प्रौढ रुग्णाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय आई-वडिलांनाही सांगितली जात नाही, हे त्या मुलाला माहीत नव्हते. ते सांगितल्यावर त्याने दिवसाला सात-आठ सिगारेटी, असा आकडा दिला.

मी त्याच्या कागदावर तो आकडा लिहिला. दोन वरच्या उपदाढा काढायच्या होत्या, त्यांची तारीख मी तीन आठवडे पुढे ढकलली, तोपर्यंत सिगारेट बंद ठेवायची आणि दात काढल्यावर निदान तीन दिवस तिला हातही लावायचा नाही, असे आमच्यात ठरले. हिरड्यांची साफसफाई त्याच दिवशी केली. आई आत आली तेव्हा तो मोफत सेवेचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवत होता. तिने तारीख पुढे का गेली असे विचारले, आणि मी काही बोलण्याआधी त्यानेच सांगितले, "मॅडम म्हणतात, आधी हिरड्या बऱ्या होऊ द्यायच्या."